बंदरातल्या हरित विजेच्या कामात शिरायचं असेल तर: कोकणातल्या आयटीआय आणि डिप्लोमावाल्यांसाठी

'ग्रीन जॉब' असं लिहिलेली जाहिरात शोधत बसाल तर वर्ष निघून जाईल. बंदरांत या नावाची जागा निघत नाही. जागा निघतात त्या 'टेक्निशियन, क्रेन इलेक्ट्रिकल', 'केबल जॉइंटर', 'सबस्टेशन ऑपरेटर', 'सोलर ओ अँड एम' (म्हणजे चालवणं आणि देखभाल), 'चार्जिंग स्टेशन अटेंडंट' अशा. बंदराचं डिझेल कमी करून त्या जागी वीज आणायची, तर वायर ओढणारे, जोड मारणारे, खाऱ्या हवेत पॅनेल सुकं ठेवणारे हात लागतात. वीजतंत्री, तारतंत्री किंवा इलेक्ट्रिकल डिप्लोमा झालेल्या आणि डहाणूपासून रेडीपर्यंत कुठेही राहणाऱ्या मुलामुलींसाठी हा लेख आहे. हातात काही नसताना सुरुवात केली तर पहिल्या पक्क्या नोकरीपर्यंत दीड-दोन वर्षं लागतील, असं धरून चाला.

१. आधी काम कसलं आहे ते समजून घ्या

केंद्रीय बंदर मंत्रालयाने मे २०२३ मध्ये 'हरित सागर' मार्गदर्शक तत्त्वं काढली. मोठ्या बंदरांनी २०३० पर्यंत ६० टक्क्यांहून जास्त वीज अक्षय स्रोतांतून घ्यावी आणि निम्मी यंत्रसामग्री विजेवर आणावी, अशी त्यात उद्दिष्टं आहेत. प्रत्यक्षात त्यातून चार तऱ्हेची कामं निघतात.

पहिलं क्रेनचं. यार्डात कंटेनर रचणारी रबरी टायरची गॅन्ट्री क्रेन, म्हणजे आरटीजी, पूर्वी स्वतःच्या डिझेल जनरेटरवर चालायची. आता तिला केबल रीलने किंवा बसबारने बाहेरून वीज देतात. धक्क्यावरच्या रुळावरच्या मोठ्या क्रेन तर आधीपासूनच एचटी, म्हणजे उच्च दाबाच्या विजेवर आहेत. मोटारी, त्यांचा वेग सांभाळणारे ड्राइव्ह, क्रेनला हुकूम देणारा पीएलसी संगणक, फिरत्या रीलमध्ये वीज पोचवणारे स्लिपरिंग यांची देखभाल रात्रंदिवस तीन पाळ्यांत चालते. सर्वांत जास्त जागा इथे आहेत आणि त्या टिकतातही.

दुसरं किनाऱ्यावरून जहाजाला वीज देण्याचं, ज्याला सगळे 'शोअर पॉवर' म्हणतात. जहाज धक्क्याला लागलं तरी दिवे, पंप, रेफर (थंड ठेवायचे) कंटेनर यांच्यासाठी त्याचे जनरेटर चालूच असतात. ते बंद करून किनाऱ्यावरची वीज द्यायची. ऐकायला सोपं आहे, पण अडचण फ्रिक्वेन्सीची आहे. आपली वीज ५० हर्ट्झची, बहुतेक सागरी जहाजांची ६० हर्ट्झची. ६० हर्ट्झसाठी बांधलेली चार पोलची मोटार १८०० आरपीएमची. ५० हर्ट्झवर ती १५०० वर येते आणि व्होल्टेज तेवढंच ठेवलं तर तापते. म्हणून मधे फ्रिक्वेन्सी कन्व्हर्टर बसवावा लागतो आणि सगळ्या मांडणीत महागडा भाग तोच असतो. व्होल्टेजचं कारणही हिशोबाने समजून घ्या. जहाजाला २ मेगावॅट लागले आणि पॉवर फॅक्टर ०.८ धरला, तर ४४० व्होल्टला सुमारे ३,२८० अँपिअर होतात, ६.६ केव्हीला तेच काम सुमारे २१९ अँपिअरमध्ये होतं. म्हणून मोठ्या जहाजांसाठी आयईसी/आयईईई ८०००५-१ हे मानक एचटीवर आधारलेलं आहे. टग (मोठ्या जहाजांना ओढणाऱ्या बोटी), पायलट लाँच यांच्यासाठी मात्र साधी ४१५ व्होल्टची जोडणी पुरते. नवख्याने शिकायला सुरुवात तिथूनच करावी.

तिसरं सौरऊर्जेचं: गोदामांची छपरं, इमारती, मोकळ्या जागा. चौथं बॅटरीच्या गाड्यांचं आणि टगचं. २०२५ मध्ये न्हावा शेव्याला बॅटरी अदलाबदल करणाऱ्या अवजड ई-ट्रकचा ताफा उतरला. ऑगस्ट २०२४ मध्ये सुरू झालेल्या हरित टग कार्यक्रमात पहिल्या टप्प्यातल्या चार बंदरांत जेएनपीएचं, म्हणजे न्हावा शेवा सांभाळणाऱ्या जवाहरलाल नेहरू बंदर प्राधिकरणाचं नाव आहे. टगवर काम करायचं असेल तर मार्ग वेगळा, जलवाहतुकीच्या सक्षमता प्रमाणपत्रांचा. तांडेल किंवा ड्रायव्हर म्हणून बोटीवर हात बसलेल्या कोळी-भंडारी मुलांनी त्याची चौकशी महाराष्ट्र सागरी मंडळाच्या बंदर कार्यालयात करावी.

२. कुठल्या बंदरात काय आहे

उरण तालुक्यात न्हावा शेवा. २६ मे १९८९ पासून चालू असलेलं हे बंदर केंद्राच्या अखत्यारीत आहे आणि आत वेगवेगळ्या कंपन्यांची टर्मिनल आहेत. म्हणजे 'जेएनपीएत नोकरी' म्हणताना नोकरी बहुधा टर्मिनल चालवणाऱ्या कंपनीत किंवा तिच्या कंत्राटदाराकडे असते. अर्ज कुठे करायचा हे त्यावर ठरतं.

पालघर जिल्ह्यात वाढवण. भूमिपूजन ३० ऑगस्ट २०२४ ला झालं, खर्च सुमारे ७६,२०० कोटी, भागीदारी जेएनपीएची ७४ टक्के आणि सागरी मंडळाची २६ टक्के. डहाणू-वाढवणच्या मच्छीमारांचा या बंदराला दीर्घकाळ विरोध आहे आणि त्यांची चिंता पोटापाण्याची आहे. तिथे कामाला जाणाऱ्याने ती समजून घेऊनच जावं. कामाच्या दृष्टीने पाहिलं तर असल्या प्रकल्पात आधी भराव आणि ब्रेकवॉटर, मग धक्के, त्यानंतर सबस्टेशन, केबल आणि क्रेन असा क्रम असतो. म्हणजे आज शिकायला सुरुवात केलेल्या वीजतंत्र्याला वेळ आहे. 'उद्याच भरती आहे' म्हणून पैसे मागणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

दक्षिणेकडे दिघी, धरमतर, जयगड, रत्नागिरी, रेडी ही लहान बंदरं सागरी मंडळाच्या अखत्यारीत येतात. जयगड बारमाही आणि खोल पाण्याचं. कोळसा-खनिजाच्या बंदरांत कंटेनर क्रेनपेक्षा कन्व्हेयर, त्यांच्या मोटारी आणि धूळ दाबणारे पंप यांचं काम जास्त असतं. हरित सागरची उद्दिष्टं मोठ्या बंदरांसाठी असल्याने लहान बंदरांत हा बदल हळू होतो, पण मोटारी-ड्राइव्हचं शिक्षण तेच असतं आणि घरही जवळ राहतं. मिरकरवाड्यासारख्या मासेमारी बंदरातले बर्फ कारखाने आणि शीतगृहं यांनाही कमी लेखू नका. खाऱ्या पाण्यात चालणाऱ्या मोटारींवर वर्षभर काम केलेल्या मुलाला बंदरातला फोरमन लगेच ओळखतो.

३. कागदपत्रं आजच गोळा करा

* दहावीची गुणपत्रिका आणि प्रमाणपत्र
* आयटीआयची गुणपत्रिका आणि राष्ट्रीय व्यवसाय प्रमाणपत्र, किंवा डिप्लोमाच्या सगळ्या सेमिस्टरच्या गुणपत्रिका
* आधार, पॅन, आधारशी जोडलेलं बँक खातं
* अधिवास दाखला. लागू असेल तर जातीचा दाखला, जात वैधता, नॉन-क्रिमिलेअर
* प्रकल्पग्रस्त असाल तर त्याचा दाखला
* पोलीस चारित्र्य पडताळणी
* पासपोर्ट आकाराचे फोटो, पांढऱ्या पार्श्वभूमीवरचे, किमान १०

सर्वांत जास्त अर्ज अडतात ते नावापायी. आधारवर आडनाव एका स्पेलिंगने, गुणपत्रिकेवर दुसऱ्या, बँकेत वडिलांचं नाव मधे नाही, असे फरक कोकणातल्या आडनावांत फार दिसतात. विद्यावेतनाची सरकारी रक्कम थेट खात्यात येते. नाव जुळलं नाही तर ती महिनोन्महिने लटकते. दहावीच्या गुणपत्रिकेवरचं नाव मूळ धरा आणि बाकी सगळं त्याच्याशी जुळवून घ्या. हे काम अर्जाच्या आधी करायचं, नंतर नाही.

प्रकल्पग्रस्त दाखल्याबद्दल एक लक्षात ठेवा. तो घरातल्या एकाच नामनिर्देशित व्यक्तीसाठी असतो. तो कोणासाठी वापरायचा हे भावंडांनी एकत्र बसून ठरवावं आणि मूळ प्रत कोणाही एजंटकडे देऊ नये.

४. अप्रेंटिसशिप आणि परवाना

आयटीआय झालेल्यांनी अप्रेंटिसशिप इंडिया पोर्टलवर, डिप्लोमा-पदवीवाल्यांनी नॅट्स पोर्टलवर नोंदणी करावी. दोन्ही फुकट आहेत. आस्थापना शोधताना फक्त 'पोर्ट' हा शब्द टाकू नका. वीज कंपन्या, स्टील आणि सिमेंटचे कारखाने, क्रेन बनवणारे, एचटी सबस्टेशन असलेला कुठलाही कारखाना चालेल. लोटे परशुराम, महाड, रोहा, तळोजा इथल्या एमआयडीसीत ११, २२ आणि ३३ केव्हीचं काम शिकायला मिळतं आणि बंदराला तेच हवं असतं.

इथला सापळा असा: काही ठिकाणी मुलाला 'अप्रेंटिस' म्हणून घेतात, पण पोर्टलवर करार नोंदवतच नाहीत. वर्ष संपल्यावर परीक्षेला बसता येत नाही आणि राष्ट्रीय अप्रेंटिसशिप प्रमाणपत्र मिळत नाही. नुसती स्वस्त मजुरी झालेली असते. रुजू झाल्यावर पहिल्या महिन्यातच स्वतःच्या लॉगिनमधून करार मंजूर दिसतो का ते पाहा आणि छापील प्रत काढून ठेवा.

तारतंत्री परवाना राज्याच्या अनुज्ञापक मंडळाकडून मिळतो. जिल्ह्याच्या विद्युत निरीक्षक कार्यालयात अटी समजतात. पर्यवेक्षकाचं प्रमाणपत्र त्याहून वरचं आणि वेगळं असतं. दोन-तीन वर्षांनी पगारात खरा फरक त्यानेच पडतो, म्हणून अनुभवाची पत्रं पहिल्या दिवसापासून जमवा. पत्रावर व्होल्टेजची पातळी लिहून घ्या. 'इलेक्ट्रिकल देखभाल केली' यापेक्षा '११ केव्ही सबस्टेशन आणि ४१५ व्होल्ट मोटारींची देखभाल केली' हे वाक्य तुमच्या बाजूने बोलतं.

सौरऊर्जेसाठी राष्ट्रीय सौरऊर्जा संस्थेचं सूर्यमित्र प्रशिक्षण चांगलं आहे. हायड्रोजन आणि समुद्रातल्या पवनचक्क्यांचे महागडे कोर्स मात्र आत्ता घेऊ नका. केंद्राने हरित हायड्रोजन हब म्हणून निवडलेली बंदरं कांडला, पारादीप आणि तुतिकोरीन आहेत; समुद्री पवनऊर्जेची २०२४ ची केंद्रीय योजना गुजरात आणि तमिळनाडूच्या किनाऱ्यासाठी आहे. कोकणात राहून त्या प्रमाणपत्रांवर नोकरी लागायला अजून अवकाश आहे. तेच पैसे केबल जॉइंटिंगच्या प्रशिक्षणात घाला.

५. हाताला यायलाच हव्यात अशा गोष्टी

या भागावर वेळ घालवा. मुलाखतही इथेच होते.

*वीज गेली आहे हे सिद्ध करणं.* स्विच पाडला म्हणजे वीज गेली असं नव्हे. क्रम असा: बंद करा, कुलूप लावून किल्ली स्वतःच्या खिशात ठेवा, टॅग लावा, मग टेस्टर आधी चालू जागेवर तपासा, नंतर कामाच्या जागी लावा आणि शेवटी पुन्हा चालू जागेवर तपासा. ही तिसरी तपासणी लोक गाळतात. मधल्या क्षणी टेस्टरची बॅटरी गेली असेल तर तो 'वीज नाही' असंच दाखवणार. एचटीत यानंतर अर्थिंग लावल्याशिवाय हात लावायचा नाही. लेखी वर्क परमिटशिवाय काम सुरू करायचं नाही, वरिष्ठाने तोंडी सांगितलं तरीही.

*ड्राइव्हचा साठा.* ४१५ व्होल्टच्या ड्राइव्हमध्ये डीसी बसवर साधारण ५६० ते ५९० व्होल्ट असतात आणि पुरवठा बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये काही मिनिटं राहतात. ड्राइव्हवर लिहिलेली वेळ थांबा, मग डीसीवर मोजूनच उघडा. एसीवर मीटर ठेवून 'शून्य आहे' म्हणणारे याच जागी भाजतात.

*मेगर.* इन्सुलेशनचा रोध मोजणारा हा मीटर. ४१५ व्होल्टच्या मोटारीला ५०० व्होल्टचा मेगर लावायचा. एक मेगओहमच्या खाली आलं तर मोटार चालू करायची नाही. मेगर लावण्याआधी मोटारीची केबल ड्राइव्हपासून सोडवा. ती न सोडवता मेगर मारला की ड्राइव्हचे पॉवर मॉड्यूल जातात आणि लाखांचं नुकसान होतं. नव्या मुलांच्या हातून होणारी सर्वांत महाग चूक ही. लांब केबल मेगर केल्यावर ती चार्ज झालेली असते, म्हणून डिस्चार्ज करूनच सोडा. पावसाळ्यातल्या सकाळी ०.२ मेगओहम दाखवलं म्हणजे मोटार जळाली असं लगेच ठरवू नका. टर्मिनल बॉक्स उघडून ओल पुसा, हीटरने किंवा गरम हवेने सुकवा, पुन्हा मोजा. आकडा चढत गेला तर ओल होती. जागचा हलला नाही तर वाइंडिंग.

*अर्थिंग, तेही कातळावर.* जयगड-रत्नागिरीच्या सड्यावर जांभा आहे. जांभ्याची विद्युतरोधकता जास्त आणि उन्हाळ्यात तो आणखी कोरडा पडतो. मैदानी भागात चालणारा तीन मीटरचा एक इलेक्ट्रोड इथे पुरत नाही. अनेक इलेक्ट्रोड टाकून जोडावे लागतात, त्यांच्यातलं अंतर लांबीच्या दुप्पट ठेवावं लागतं, भोवती बेंटोनाइट भरावं लागतं आणि जमेल तिथे खड्डा मातीच्या खोलगट पट्ट्यात घ्यावा लागतो. मोजणी तीन खुंट्यांच्या पद्धतीने करा: करंटची खुंटी ३० मीटरवर असेल तर व्होल्टेजची ६२ टक्क्यांवर, म्हणजे सुमारे १८.५ मीटरवर. मग ती तीन मीटर पुढे आणि तीन मीटर मागे सरकवून पाहा. तिन्ही आकडे जवळपास सारखे आले तरच मोजणी खरी. ऑगस्टमध्ये घेतलेला आकडा नेहमीच छान दिसतो. भरवसा ठेवायचा तो एप्रिल-मेच्या आकड्यावर.

*एचटी केबलचं टर्मिनेशन.* म्हणजे केबलचं टोक यंत्राला जोडण्यासाठी तयार करणं. हे काम येणारा माणूस कोकणात कधी रिकामा बसत नाही. एक्सएलपीई (प्लास्टिक इन्सुलेशनच्या) केबलवरचं काळं सेमीकंडक्टर आवरण काढताना खालच्या पांढऱ्या इन्सुलेशनवर सुरीचा ओरखडा गेला, तर त्या दिवशी काहीच कळत नाही. चाचणीतही केबल पास होऊ शकते. मग काही महिन्यांनी त्याच ओरखड्यात ठिणग्या खेळून टर्मिनेशन फुटतं. पुसताना कापड नेहमी कंडक्टरकडून सेमीकंडक्टरकडे न्यायचं, उलट नाही. नाहीतर काळी पूड इन्सुलेशनवर पसरते. स्ट्रेस कंट्रोल ट्यूब सेमीकंडक्टरच्या कापावर किटच्या मापाप्रमाणेच चढली पाहिजे. लग (केबलच्या टोकाचा धातूचा जोड) चेपताना डाय लगच्या मापाचाच हवा. पावसाळ्यात केबलचं टोक तासभरसुद्धा उघडं ठेवू नका, कॅप लावा. घाई करणाऱ्या कंत्राटदाराला सांगा की एका टर्मिनेशनला दोन-तीन तास लागतातच.

*शोअर पॉवरची जोडणी.* आधी जहाजाशी व्होल्टेज, फ्रिक्वेन्सी आणि लागणारा लोड यांची लेखी खातरजमा. कंटेनर जहाजांत केबल बहुधा जहाजावरून खाली येते, इतर जहाजांसाठी किनाऱ्यावरून जाते. कोणाची केबल वापरायची ते आधी माहीत हवं. प्लग बसल्यावर अर्थ आणि पायलट कॉन्टॅक्टची (प्लग नीट बसल्याची खूण देणाऱ्या पिनांची) साखळी पूर्ण झाली तरच ब्रेकर लागतो. मग फेज क्रम पाहून जहाजाचे इंजिनीअर सिंक्रोनाइझ करतात, लोड किनाऱ्यावर येतो आणि शेवटी जहाजाचा जनरेटर बंद होतो. वारंवार ट्रिप होण्याचं नेहमीचं कारण म्हणजे प्लगच्या पायलट पिनांवर बसलेलं मीठ. पिना साफ करा. साखळीला जंपर मारून ब्रेकर लावू नका, कारण ती साखळी प्लग हातात असणाऱ्या माणसाचा जीव वाचवण्यासाठी आहे. शिवाय भरती-ओहोटीला आणि माल चढता-उतरताना जहाज वरखाली होतं, तेव्हा केबलची ढील बघायला पाळीवर माणूस लागतो.

*सोलरची डीसी.* एका स्ट्रिंगला (एकामागे एक जोडलेल्या पॅनेलांच्या माळेला) १००० व्होल्ट किंवा त्याहून जास्त डीसी असू शकते आणि डीसीचा आर्क एसीसारखा आपोआप विझत नाही. लोडवर असताना कनेक्टर ओढू नका. आधी इन्व्हर्टर बंद, मग आयसोलेटर. दोन वेगळ्या कंपन्यांचे कनेक्टर एकमेकांत 'बसतात' म्हणून जोडू नका, आग तिथेच लागते.

६. खारं वारं

इथली अर्धी बिघाडं विजेची नसतात, मिठाची असतात. प्रत्येक बाहेरच्या पॅनेलमध्ये स्पेस हीटर असतो. तो चालू आहे ना, एवढं जरी पाळीला पाहिलं तरी पावसाळ्यातली निम्मी ट्रिपिंग टळतात. लोक तो 'वीज वाया जाते' म्हणून बंद करतात. ग्लँड प्लेटची (केबल आत घेण्याच्या पत्र्याची) मोकळी भोकं बुजवा. त्यातून ओल येते आणि ओलीमागोमाग पाली येतात. बसबारवर चढलेली एक पाल सबंध क्रेन बंद पाडते.

बोल्ट घेताना एसएस ३०४ आणि ३१६ यांतला फरक बघा. धक्क्यावर ३१६ लागतं. तांब्याचे लग कथिलाचा मुलामा दिलेले हवेत. ॲल्युमिनियमची केबल तांब्याच्या बसबारला सरळ लावू नका, बायमेटॅलिक (दोन धातूंचा) लग वापरा. सोलर मॉड्यूल खारट हवेच्या आयईसी ६१७०१ चाचणीत पास झालेलं आहे का ते डेटाशीटवर पाहा. पाऊस मॉड्यूल धुऊन काढतो, पण ऑक्टोबर ते मे काचेवर मीठ आणि जांभ्याची लाल धूळ बसते. धुणं पहाटे करा, मचूळ विहिरीचं पाणी वापरू नका आणि तापलेल्या काचेवर थंड पाणी मारू नका. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात रायगडच्या किनाऱ्यावर कशी पडझड झाली ते आठवा. मेच्या पहिल्या पंधरवड्यात सगळ्या क्लॅम्पचा टॉर्क तपासून बोल्टवर रंगाची रेघ मारा. रेघ सरकलेली दिसली की बोल्ट ढिला झाला.

केबल रीलच्या स्लिपरिंगमध्ये कार्बन ब्रशची पूड आणि मीठ एकत्र आलं की त्यावरून वीज सरपटते. कोरड्या हवेत महिन्यातून एकदा चालणारी सफाई पावसाळ्यात दर आठवड्याला करावी लागते.

७. स्वतःची हत्यारं

सगळं एकदम घेऊ नका. आधी चांगला मल्टीमीटर घ्या, कॅट थ्री १००० व्होल्ट किंवा कॅट फोर ६०० व्होल्ट लिहिलेला. बाजारातला स्वस्त मीटर ड्राइव्हवर लावणं जिवावरचं आहे. मग इन्सुलेटेड स्क्रूड्रायव्हर आणि पक्कड, स्वतःचं कुलूप आणि टॅग, हेडलॅम्प, छोटी वही. हातमोजे, हार्नेस, एचटी टेस्टर, मेगर कंपनीने द्यायचे असतात. १००० व्होल्टपर्यंत क्लास झिरोचे हातमोजे, ११ केव्हीला क्लास टूचे. वापरण्याआधी हातमोजा गुंडाळून हवा कोंडा. हवा सुटली तर तो फेकून द्या. क्रेनवर चढताना दोन दोऱ्यांचा हार्नेस लागतो, म्हणजे एक हुक सोडताना दुसरा लागलेला असतो.

८. अर्ज आणि मुलाखत

नेमणारे तीन प्रकारचे. टर्मिनल चालवणाऱ्या कंपन्या स्वतः थोडेच लोक घेतात. क्रेन, ड्राइव्ह, चार्जर बनवणाऱ्या कंपन्यांचे सर्व्हिस विभाग शिकवतात चांगलं, पण फिरती असते. सगळ्यांत जास्त माणसं वार्षिक देखभालीचे कंत्राटदार आणि नवी उभारणी करणारे कंत्राटदार घेतात. नवख्याने कंत्राटदाराकडून सुरुवात करण्यात काही कमीपणा नाही; दोन वर्षांनी टर्मिनल तिथूनच माणसं उचलतं.

बायोडाटा एक पानाचा, वर व्होल्टेजची पातळी आणि हाताळलेली यंत्रं. मुलाखतीत स्टार-डेल्टा का वापरतात, न्यूट्रल तुटला तर घरातल्या उपकरणांचं काय होतं, मेगर कमी आला तर पहिलं काय कराल, असं विचारतात. माहीत नसेल तर 'ड्रॉईंग बघेन आणि वरिष्ठांना विचारेन' हे उत्तर चालतं. अंदाजाने ठोकलेलं उत्तर चालत नाही. वैद्यकीय तपासणीत रंगांधळेपणा आणि उंचीची भीती पाहतात. रंग ओळखण्याची तपासणी आधीच तालुक्याच्या डोळ्यांच्या डॉक्टरकडे करून घ्या. दोष असेल तर क्रेनच्या मागे न लागता स्टोअर, प्लॅनिंग किंवा सोलर सफाई-देखरेखीकडे वेळीच वळता येतं.

मुलींसाठी स्पष्ट सांगायचं तर रात्रपाळीची वाहतूक आणि चेंजिंग रूम यांची सोय काय आहे, हे मुलाखतीतच विचारा. कंट्रोल रूम, सबस्टेशन आणि ड्राइव्हच्या कामात ताकदीपेक्षा नेटकेपणा लागतो आणि तिथे मुली उत्तम काम करतात.

९. करार वाचताना आणि पैसे मागितले तर

नोकरीसाठी कोणी लाख-दोन लाख मागत असेल तर ती नोकरी नाही. मोठ्या बंदरांची आणि सागरी मंडळाची पक्की भरती जाहिरातीनेच होते.

कंत्राटदाराकडे रुजू होताना नेमणूकपत्र, पगारपत्रक, पीएफचा यूएएन (कायमचा खाते क्रमांक) आणि २१,००० रुपयांपर्यंत पगार असेल तर ईएसआयसी (कामगार विमा) क्रमांक मागा. पीएफमध्ये तुमचे १२ टक्के कापतात आणि मालकाचेही तेवढेच जमा व्हायचे असतात. ईएसआयसीत तुमचे ०.७५ आणि मालकाचे ३.२५ टक्के. दुसऱ्या महिन्यात उमंग ॲपवर पासबुक उघडून भरणा दिसतो का ते पाहा. कंत्राटदार बदलला तरी यूएएन तोच ठेवा, नवा काढू देऊ नका. मूळ प्रमाणपत्रं कोणाकडेही जमा करायची नाहीत. दाखवायची आणि परत घ्यायची.

१०. गेटपास आणि पहिले काही महिने

बंदर हे आंतरराष्ट्रीय सुरक्षा संहितेखालचं क्षेत्र आहे. पास तुमच्या नावाने कंपनी काढते. पोलीस पडताळणी, आधार आणि कंपनीचं पत्र लागतं. पडताळणीत पत्ता चुकला की पास अडतो, म्हणून भाड्याच्या खोलीत राहत असाल तर सध्याचा आणि गावचा, दोन्ही पत्ते द्या. पास दुसऱ्याला वापरायला देणं किंवा आत मोबाइलवर क्रेनचे व्हिडिओ काढून टाकणं यामुळे पास रद्द होतो आणि पुन्हा मिळणं अवघड जातं.

पहिले तीन महिने वहीत रोज तीन गोष्टी लिहा: यंत्राचा क्रमांक, काय बिघडलं, कशाने सुटलं. सिंगल लाइन डायग्राम स्वतःच्या हाताने एकदा काढा, अगदी ३३ केव्हीच्या मुख्य पुरवठ्यापासून तुमच्या क्रेनच्या होइस्ट मोटारीपर्यंत. यार्डात पिवळ्या पट्ट्यांच्या आतूनच चाला. ई-ट्रकचा आवाज येत नाही, हे जुन्या माणसांच्याही अजून अंगवळणी पडलेलं नाही. ई-ट्रकच्या नारिंगी केबलला शिकवणी पूर्ण झाल्याशिवाय हात लावू नका, आणि गाडी धुताना बॅटरीच्या कनेक्टरवर प्रेशरचं पाणी मारू देऊ नका.

जूनच्या आधी रुजू झालात तर उत्तम. पावसापूर्वीची सगळी तयारी, म्हणजे ग्लँड बुजवणं, हीटर तपासणं, अर्थ पिटची उन्हाळी मोजणी, वादळात क्रेन जखडून ठेवायची बांधणी आणि तिच्या पिना, हे एकदा सगळ्या गँगबरोबर करायला मिळेल. त्या मोजणीचे आकडे वहीत तारखेसह लिहून ठेवा. पुढच्या मेमध्ये त्याच पिटवर पुन्हा मोजाल, तेव्हा ताडून पाहायला ते लागतील.